भंगारात निघालेली मशीन

नाव : रत्नमाला राजेंद्र हिवराळे, वय ६० वर्षे, व्यवसाय : सेवानिवृत्त कॉम्प्युटर ऑपरेटर, रा. उस्मानपुरा, औरंगाबाद.
दि. १८ एप्रिल २०१६, दुपारी ३ वाजता.

मी स्वतःच्या पायांनी ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की, गोदातीर तंत्रशिक्षण संस्थेच्या संगणक केंद्रात मी १९७८ ते २०१४ नोकरी केली. संस्थेचा पहिला संगणक मी लागले त्याच वर्षी आला. माणसाच्या उंचीची तीन लोखंडी कपाटं आणि कार्ड वाचायचं यंत्र, असं सगळं मिळून ती एक मशीन आहे. १९९१ पासून ती बंद आहे. तेव्हापासून संस्था "संग्रहालय करू, त्यात ठेवू" म्हणत आली.

धुळीनं मशीन बिघडायची म्हणून केंद्रात चपला बाहेर काढायचा नियम होता. दाराशी माझ्या चपला साहेबांच्या चपलांना लागून असायच्या. आमच्या घरात माझ्या आधी कोणाच्या चपला तशा राहिल्या नव्हत्या.

१९७२ च्या दुष्काळातले पावसाचे आकडे, कन्नडपासून पैठणपर्यंत, मी कार्डांना भोकं पाडून याच मशीनला दिले. त्या साली माझी आई सारजाबाई बिडकीनच्या रस्त्यावर खडी फोडत होती. बिडकीनचं कार्ड मी तीनदा तपासलं. याचा गुन्ह्याशी संबंध नाही, असं अंमलदार साहेब म्हणाले. मी म्हटलं, आहे, लिहा.

आज सकाळी दहा वाजता संस्थेचे शिपाई पुंडलिक यांचा फोन आला. होस्टेलच्या पाण्याच्या टाक्या ठेवायला खोली रिकामी करत आहेत आणि मशीन भंगाराच्या ट्रकात चढवली, असं त्यांनी सांगितलं. मी रिक्षानं गेले. हमाल बूट घालून आत हिंडत होते. प्राचार्य तात्यासाहेब बोर्डे यांना मी म्हटलं, सायकल स्टँड रिकामा पडलाय, टाक्या तिथं ठेवा. ते म्हणाले, "बाई, पोरांना प्यायला पाणी नाय, अन् तुम्हाला डबड्याचं पडलंय?"

पाण्याचं मला कोणी शिकवू नये. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ येतो आणि हंडे मीच वाहते. "त्याच डबड्यानं दुष्काळ मोजला होता, साहेब," असं मी बोलले. आवाज लई चढला होता, हे कबूल आहे.

त्यानंतर मी केसातली पिन काढून ट्रकच्या पुढच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. ड्रायव्हर बन्सी म्हणाला, "ओ मावशी, काय करू राहिल्या? येड लागलं का?" मी म्हटलं, "व्हय. आता पोलिसांना बोलव." त्यानंच फोन लावला. पोलिसांनी हवा भरून ट्रक मालासह ठाण्यात आणला.

प्राचार्य साहेब आणि ट्रकमालक आता तडजोड करा म्हणतात. मला तडजोड करायची नाही. माझ्या भावाची लुना एका केसमध्ये जप्त होऊन याच ठाण्याच्या आवारात अकरा वर्षं उभी होती. निकाल लागेस्तोवर तिचा आरसासुद्धा कोणी काढला नाही. संस्थेला पंचवीस वर्षांत जे जमलं नाही, ते तुमच्या आवारात होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून माझ्यावर गुन्हा दाखल करा आणि मशीन मुद्देमाल म्हणून जप्त करा. केस चालेल तोवर मी गावोगावच्या संग्रहालयांना पत्रं लिहिते. कोणीतरी येईलच. मशीनवर ताडपत्री टाकावी, धूळ बसू देऊ नये. ताडपत्री मी घरून आणून देते.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात "रागाच्या भरात हवा सोडली" असं होतं, ते खोडून "विचार करून" असं करायला लावलं. मालाच्या यादीत "भंगार, लोखंडी कपाटं, नग तीन" लिहिलं होतं. भंगार म्हणून नोंद झाली, तर माल उद्याच भंगारवाल्याकडे जाईल. म्हणून मी सही न करता बाकावर बसून राहिले. पावणेपाच वाजता तिथं "संगणक, नग एक" असं लिहिलं. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. आता सही करते.

र. रा. हिवराळे