मिटल्या डोळ्यांची शाळा

लढाई थांबल्यावर लष्करातल्या लेकाचं पहिलं पत्र आलं, ते मास्तरांकडून वाचून घ्यायला छबूबाई निघाली होती. कोपरगावच्या एसटी स्टँडवर शेजारी एक मुलगी आईला बायबल वाचून दाखवत होती. आईचे डोळे मिटलेले.

“थांब, सुवार्ता. एक शब्द गाळलास.”

छबूबाईला राहवेना. “न बघता कसं कळलं गं?”

“मला वाचता येत न्हाई, मावशी. उपासनेला ऐकून ऐकून पाठ झालंय.”

“पोरीची शाळा?”

“लई लांब हाय. घरीच शिकती. बापानं अक्षरं शिकवली, चुका मी धरते.”

छबूबाईनं पत्र पुढं केलं. “हे वाचंल?”

“वाचंल की.”

“पर हे तुला कुठं पाठ हाय? चुकली तर?”

“लेकाचं बोलनं तुमाला पाठ असंल. मिटा डोळं.”