साळूच्या नावाचे स्वेटर

हॅलो?… हॅलो, कोण?… सविता! अगं, आज कशी काय? रविवार नाही, काही नाही… बरी आहेस ना?… थांब, थांब, कुकर ओरडतोय. ठेवू नकोस हं…

हां, बोल. नाही गं, पप्पा कुठले असायला? अंबडला. या आठवड्यात दुसरी पाळी आहे त्यांची… हो, मी एकटीच आहे. का?

असं काय विचारतेस?… काय?… साळू?… कोण साळू?… अगं, साळू नावाच्या काय एक-दोन बायका आहेत का इकडे! बोर्डिंगमध्येच एका वेळी चार-चार असायच्या. पस्तीस पोरींची वॉर्डन होते मी, एकेकीचं नाव कुठे…

नोरा?… नाही. नोरा नाही आठवत.

हो, हो, ऐकतेय. सांग ना. तुझ्या त्या म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये… नवीन पेशंट आलीय… बरं… अठ्ठ्याऐंशी वर्षांची… एकटीच आहे, लग्न नाही केलं… बरं, मग? तुझ्याकडे तर सगळ्या तसल्याच आहेत…

भिंतीवर काय?

…

नाही, आहे मी. लाइन आहे. ऐकू येतंय.

तुझा फोटो. फर्स्ट कम्युनियनचा. पांढऱ्या फ्रॉकमधला… अगं, दिसतात सगळ्या मुली सारख्या. पांढरा फ्रॉक, डोक्यावर जाळी, हातात मेणबत्ती… हां… हां, डोळ्यावरची खूण पण आहे. पाळण्यातून पडली होतीस तेव्हाची… आणि खाली साळू लिहिलंय. माझ्या अक्षरात.

पाणी पिऊन येते गं जरा… नाही, पळत नाहीये. कुठे पळणार आता…

हां.

ऐक सविता. त्या वेळी पद्धतच होती तशी. आपल्या बोर्डिंगच्या सिस्टर तू आहेस त्याच देशातल्या ना. तिकडच्या एकेका बाईनं इकडची एकेक पोरगी नेमून घ्यायची. तिच्यासाठी प्रार्थना करायची, नाताळला काहीतरी पाठवायचं. आणि शनिवारी दुपारी इकडून पत्र जायचं. पोरींना कुठलं इंग्रजी येतंय? पोरगी सांगायची, मी लिहायची. नोराला साळू मिळाली. सुरगाण्याकडची. आठ वर्षांची होती, तुझ्याच वयाची… हो, नव्वद साल.

मग काय, मग दिवाळीच्या सुट्टीला बाप घेऊन गेला तिला. झिपरू नाव त्याचं. परत आणलंच नाही. बाप निघाला द्राक्षांच्या कामाला, धाकटं भावंड सांभाळायला पोर पाहिजे… मी दोन निरोप पाठवले. खरंच पाठवले.

आणि पुढच्याच महिन्यात पार्सल आलं. स्वेटर. हातानं विणलेला. काय करणार होते मी? परत पाठवू?… सिस्टर फिलोमिना म्हणाल्या, मीना, लिहीत राहा. ती बाई एकटी आहे, जीव लावून बसलीय, उगाच तिचं मन मोडेल. एक पत्र लिहिल्यानं कुणाचं काय जातंय?… हो, असंच म्हणाल्या. देवाशपथ.

किती वर्षं म्हणजे… दहा.

ओरडू नकोस. कॉरिडॉरमध्ये आहेस ना तू? लोक बघतील… नाही, सिस्टर दहा वर्षं नव्हत्या. त्र्याण्णवला आजारी पडून परत गेल्या, तिकडेच वारल्या… हो… हो गं बाई, पुढची सात वर्षं मीच. माझ्या मनानं. कुणी सांगितलं नव्हतं मला.

माप तुझं पाठवायची. बाही इतकी, छाती इतकी. दर नोव्हेंबरात यायचा… हो, तेच. तू रडायचीस ना, आई दर वेळी लालच का, मला निळा पाहिजे. मी सांगायचे सिस्टरांनी दिला… मग तिनं फोटो मागितला. साळूचा फोटो कुठून आणू? तुझा पाठवला. एकदा पाठवला की पुढचापण तुझाच पाठवावा लागतो ना?

का ठेवून घेतला म्हणजे! इतकी ऊब होती त्याला. बाजारात मिळतो का असला स्वेटर? पप्पांचा पगार काय होता तेव्हा… नाही. नाही, पगाराचं नाही कारण. तुला खरं सांगू? मला आवडायचं. माझ्या नावानं कुणाचं पत्र यायचं का कधी? तिचं यायचं. चार-चार पानी. साळूच्या नावानं असलं तरी उघडायची मी, वाचायची मी.

अगं, तिचं घर मला पाठ आहे! संध्याकाळी सगळं घर गुडघे टेकून, खुर्चीवर कोपर ठेवून जपमाळ म्हणायचं. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्याखाली लाल दिवा, कधी विझू द्यायचा नाही. रविवारी गावात कुत्रंसुद्धा घरी नसायचं, सगळे चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला. पुरुष मागं उभे, टोपी जमिनीवर टाकून तिच्यावर एक गुडघा. फादर रस्त्यानं चालले की सायकलवरून उतरायचे लोक… आणि तिच्या आजीच्या आजीची गोष्ट. इंग्रजांनी मिस्सेवर बंदी घातली होती तेव्हा शेतातल्या खडकावर मिस्सा व्हायची, एक पोरगा टेकडीवर पहारा करायला. हे सगळं तिनं साळूला लिहिलं आणि मी वाचलं. वाटायचं, काय देश असेल! कसली माणसं!

हो, मग बदललं. तेही तिनंच लिहिलं. एका बिशपला मुलगा निघाला, त्या वर्षी तिचं पत्र चार ओळींचं होतं. मग घटस्फोटाचा कायदा झाला. मग लिहिलं, या रविवारी पुढची चार बाकंच भरली होती. आणि मी काय उत्तर दिलं माहितीय? साळू म्हणून लिहिलं, प्रिय नोराबाई, तुमच्यासाठी मी रोज जपमाळ म्हणते, तुम्ही दिवा विझू देऊ नका.

…

आता दिवा नाही?… का?

अहवाल… हो, इकडे पेपरात आलं होतं छोटंसं. सरकारनं चौकशी केली, मुलांच्या संस्थांमध्ये… हो, मारायचे, आणखी काय काय… फादर म्हणाले वाचू नका, शत्रू उठवतात असलं… मी पान उलटलं.

काय? तिच्या घरामागंच होती संस्था?… भिंतीला भिंत?… रडणं ऐकू यायचं… आणि तिची आई?… जपमाळ मोठ्यानं म्हणायची. रडणं ऐकू येऊ नये म्हणून… आणि नोरापण म्हणायची. तिच्याबरोबर. मोठ्यानं.

हे नव्हतं लिहिलं तिनं कधी. एवढी पानं लिहिली, हे नाही लिहिलं.

मग अहवाल वाचून तिनं तसबीर उतरवली… दिवा काढला… आणि त्या खिळ्याला साळूचा… म्हणजे तुझा…

देवा.

काय म्हणाली ती? नीट सांग… "आयुष्यभर चर्चला जे दिलं ते सगळं खोटं निघालं. ही एक पोर तेवढी खरी."… नको सांगूस. पुरे… आणि तुला बघितल्यावर?… हात धरला… "माझी साळू नर्स होऊन आली."… हो, मीच लिहिलं होतं गं. शेवटच्या पत्रात. मी आता नर्सिंगला चालले, बोर्डिंग सोडतेय, पत्र येणार नाही… म्हणून तर ती वाट बघत बसली.

तू काय म्हणालीस तिला?… बाहेर येऊन मला फोन केलास… बरं केलंस.

सविता, ऐक ना. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. किती दिवस राहिलेत तिचे? तू हो म्हण. मी साळू म्हण. हात धरून बसू दे तिला. कुणाचं काय जातंय?…

हो. सिस्टरांचंच वाक्य आहे. माहितीय.

पण तिचं मन मोडेल गं! एकच गोष्ट उरलीय तिच्याकडे, तीही तू… काय?… पुन्हा बोल… तिकडे सगळे हेच म्हणत होते. लोकांची श्रद्धा मोडेल म्हणून गप्प बसा… जपमाळ मोठ्यानं म्हणा… हं… हं.

नाही, रागावले नाहीये. कुणावर रागावू?

खरी साळू?… आहे. सुरगाण्याकडेच आहे. बुधा नावाचा नवरा आहे, मोलमजुरी करतात… मला कसं माहीत? भेटली होती ना… तू पण होतीस! तुझं नर्सिंगचं दुसरं वर्ष, जानेवारीची थंडी, आपण स्टँडवर उभ्या होतो. पाठीला पोर बांधलेली बाई आली आणि "बाई!" म्हणून माझ्या पायाशी वाकली… आठवली? हो, तीच. तुझ्या स्वेटरच्या बाहीवरून हात फिरवला होता तिनं. "किती ग्वाड इणलाय" म्हणाली. तू बाही ओढून घेतलीस… तुला काय माहीत, तुझी चूक नाही.

तू तिकिटं काढायला गेलीस तेव्हा तिनं मला विचारलं, "बाई, माझी नोराबाई अजून पत्र लिवती का वं?"… मी म्हणाले, नाही गं, तिनं कधीच बंद केलं.

…रडत नाहीये मी. पप्पांना आजवर माहीत नाही हे. कन्फेशनला गेले तेव्हा फादरांना सगळं सांगितलं, उसना आणलेला कुकर परत दिला नाही इथपासून, शेजारणीशी भांडले इथपर्यंत. हे एक नाही सांगितलं. लाज वाटायची.

काय, आत्ता?… नाही, नाही, नाही. मी नाही बोलणार तिच्याशी! अगं, माझं इंग्रजी… मला फक्त पत्रातलंच येतं. देवाच्या कृपेनं मी सुखरूप आहे, तुम्हीही असाल अशी आशा. खोटं बोलायचं इंग्रजी आहे माझ्याकडे. खरं बोलायचं नाही… तू सांगशील? मी मराठीत बोलू?… बरं… पण शब्दन् शब्द सांग. माझ्या बाजूनं काही गाळू नकोस, काही गोड करू नकोस.

फोनचं कार्ड किती उरलंय?… चार मिनिटं. जा आत. जा लवकर, माझा धीर सुटेल…

आलीस?… बसलीय ती?… विणतेय? या वयात? बोटं वाकडी झाली असतील तिची… बरं. सांग.

नोराबाई, मी मीना. बोर्डिंगची वॉर्डन. ही माझी मुलगी सविता. ही साळू नाही… सांगितलंस? सांग, सांग पुढं… साळू एक वर्षपण राहिली नाही. पत्रं मी लिहिली. फोटो माझ्या मुलीचे. स्वेटर माझ्या मुलीनं घातले. सिस्टरांनी सुरुवात करून दिली, पण नंतर मीच. तुम्ही माझ्याशी बोलत होता, आणि मी तुम्हाला कळू दिलं नाही.

…

काय म्हणते?… विणणं थांबवलं… फोटोकडे बघतेय… उतरवला?… पालथा ठेवला. बरोबर आहे. नको अडवूस. तिचा हक्क आहे.

विचारतेय काहीतरी? काय?… साळूला त्यातला एक तरी मिळाला का?

…नाही. एकही नाही. पहिलाच ती गेल्यावर आला. सांग तिला, एकही नाही.

हां… आणखी?… तिला… थंडी वाजायची का?

हो. सांग, हो. एका चादरीत दोघी-दोघी झोपायच्या पोरी. साळू कुडकुडत यायची, बाई, तुमच्या खाटेखाली झोपू का म्हणायची. आणि मी पत्रात लिहिलं होतं, आम्ही सगळ्या सुखात आहोत.

काय?… स्वेटर कुठे आहेत?… आहेत, सगळे आहेत, पेटीत, डांबरगोळ्या घालून ठेवलेत. अगदी पहिल्यापासून… साळूला नेऊन दे म्हणते? अगं, पण आता कसे होतील तिला? लहान आहेत ते. तिच्या पोरीला फार तर…

काय म्हणाली?… नीट सांग, तुझा आवाज तुटतोय… "पोरीला नको. ते साळूचे आहेत. तिच्याच हातात दे. आणि तिला सांग, थंडी वाजते का असं मी विचारलं होतं म्हणून. दर वर्षी विचारलं होतं."

हो. नेते. उद्या सकाळच्याच सुरगाणा गाडीनं नेते. तिच्यासमोर पेटी उघडते आणि तुला सांगितलं तेच सगळं सांगते. मारलं तर मारू दे… हो, तिला सांग, उद्याच.

आणि सविता, थांब, फेकू देऊ नकोस तिला डबा! पत्रांचा डबा असेल ना तिच्याकडे?… आहे? टाकून देतेय? थांबव! सगळ्यात खाली बघ म्हणावं. सगळ्यात पहिलं पत्र. शाईचं नाही, पेन्सिलचं. ते मी लिहिलेलं नाही! मी बाजूला बसून नुसतं स्पेलिंग सांगितलं, हात साळूचाच आहे. मोठी मोठी वाकडी अक्षरं… त्यात एक ओळ आहे बघ. मला लाल आवडतो. एवढंच. तिनं मागितला होता लाल. तिनं स्वतः मागितला होता म्हणून सगळे लाल… तेवढं खरं आहे. सापडलं का?… हॅलो?… सविता, सापडलं का? पेन्सिलचं… तेवढं खरं आहे म्हणावं तिला… सांगितलंस ना?… हॅलो?… हॅलो?…