तुतवाराच्या पायातलं कडं

अंबरनाथ पूर्वेला शेअर रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे काका-पुतणी उभे होते. मी मुद्दाम ऐकलं नाही. माणूस घाबरला की रांगेतही मोठ्यानेच बोलतो.

"सदूकाका, पक्ष्याच्या पायातलं कडं तू कापलंसच कशाला?"

"जाळ्यात अडकलेला गं. पायात बेडी बघून दया आली. पकडीने कापलं न् दिला सोडून."

"बेडी नाय ती, नंबर आहे! तुतवार थंडीत कुठून येतो, कुठे जातो, ते त्यावरून कळतं. मी कड्याचा फोटो अशी कडी घालणाऱ्या पक्षीवाल्यांना पाठवला, तर विचारतायत, पक्षी कुठाय?"

"सांग, उडाला."

"नुसतं कडं हातात आलं की पक्षी मेला असंच धरतात."

"मी नाय मारला!"

"आणि वीस वर्षं नदीवरचे पक्षी मारून कोण खात होतं? अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"अगं, आयुष्यात पहिल्यांदा एक सोडला, त्याचीच केस करणार माझ्यावर?"

"ते वनखात्याची माणसं घेऊन दुपारी घरी येतायत."

"आज? काकीला फोन लाव आधी!"

"का?"

"कोंबडी कापलीय. अंगणभर पिसं पडलीत."