निकाल राखून ठेवलेला ससा

सन्माननीय अध्यक्ष न्यायाधीशसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले पाळकसाहेब, म्हणजे माझे जावई, त्यांच्या शेजारी रुमाल घडी करून तयारीत बसलेली माझी लेक, समोरची सगळी मंडळी, दाराजवळच्या खांबाआड बसलेला माझा मुलगा, आणि टेबलाखालच्या पिंजऱ्यातला ससा.

अध्यक्षसाहेब, पाय जरा मागे घ्या. माणसाला चावत नाही तो, पण बुटाच्या नाड्या सोडत नाही.

कार्यवाहांनी मला बजावलंय, "आजी, दोन शब्द बोला आणि बसा." आता मी तिसरीतून शाळा सोडलेली बाई. दोन म्हणजे किती, यात माझी थोडी गडबड होणार. सांभाळून घ्या.

माझ्या आधी पाच जण बोलले. सगळे छान बोलले. पाळकसाहेबांची इतकी स्तुती झाली की माझ्या मनात आलं, हा माणूस बदलीवर चाललाय की वर चाललाय? एवढं चांगलं आपण जिवंत माणसाबद्दल बोलत नाही. सभागृहाचं गळकं छप्पर त्यांनी दुरुस्त करून घेतलं, खरं आहे. आजाऱ्यांना भेटायला चालत जायचे, तेही खरं. पण त्यांनी या मंडळीला सगळ्यात मोठी करमणूक कोणती दिली, ते कोणीच बोललं नाही. सगळे त्या विषयाला असा वळसा घालून गेले, जसं रस्त्यात गटाराचं झाकण उघडं असावं.

म्हटलं, आपणच पडू त्यात. आपलं वय झालंय.

तर माझा मुलगा शाळेत विज्ञान शिकवतो. माझे जावई देवाचं वचन शिकवतात. दोघांनाही घरात शिकवायचं थांबवता येत नाही. रविवारची उपासना झाली की लेक आणि जावई जेवायला माझ्याकडे यायचे, आणि पहिला घास पोटात जायच्या आत सुरू. बायबल आणि आजचं विज्ञान यांचा मेळ बसतो की नाही? जावई म्हणायचे, "मास्तर, दोन्ही एकाच्याच हातची. मेळ बसणारच." मुलगा म्हणायचा, "दाजी, मग बायबलात सूर्य आकाशात थांबला म्हटलंय, ते दाखवा बसवून." देवानं सृष्टी घडवली ते सहा दिवस माझ्या टेबलावर किती वेळा उलटे-सुलटे झाले असतील! आमटी निवायची, लेक चिडायची, आणि मी मनात म्हणायचे, देवा, या दोघांची तोंडं एकदा बंद कर.

देव माझं एरवी फारसं ऐकत नाही. हे मात्र त्यानं लक्षात ठेवलं.

एका रविवारी गाडी सशावर आली. मोशेच्या नियमांत, काय खावं आणि काय खाऊ नये ते सांगताना, ससा रवंथ करतो असं म्हटलंय. रवंथ म्हणजे गाय करते ते. गिळलेलं परत तोंडात आणून सावकाश चावणं. मुलगा म्हणाला, "ससा रवंथ करत नाही. संपला विषय." जावई म्हणाले, "तुम्ही बसून पाहिलंय का कधी?" त्यानं पाहिलं नव्हतं. यांनीही पाहिलं नव्हतं. मग शहाण्या माणसांनी काय केलं असतं? जेवले असते. हे दोघे बाजारात गेले आणि ससा घेऊन आले. एकानं पिंजरा धरलेला, एकानं ससा. वरातच म्हणायची.

ससा राहायला गेला पाळकांच्या घरी. सकाळी जावई त्याच्यासमोर पाट घेऊन बसायचे, शाळा सुटली की माझा मुलगा जाऊन बसायचा. आता ससा म्हटला की त्याचं तोंड हलतच असतं, तो काय करणार बिचारा. जावई म्हणायचे, "बघा, समोर काही नाही आणि चावतोय." मुलगा म्हणायचा, "चावणं वेगळं, रवंथ वेगळं." एकच ससा, एकच तोंड, पण यांना दोन दिसायची. मीही एकदा जाऊन बसले. म्हटलं, "अहो, ती यादी काय खायचं नाही याची आहे ना? मग तो खाऊ नका म्हणजे झालं. तो कसा चावतो त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?" दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि एका सुरात म्हणाले, "आई, हे कळायला अभ्यास लागतो." त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते तेवढंच.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की हा वाद चारचौघांत व्हावा. कोणाच्या ते सांगत नाही, कार्यवाहांना अवघडल्यासारखं होईल. याच सभागृहात, याच टेबलावर घंटी ठेवून जंगी वादविवाद ठरला. तयारी किती? जावयांनी माझ्या मुलाकडून प्राण्यांच्या पोटाची जाडजूड पुस्तकं नेली. मुलानं जावयांकडून बायबल नेलं, वर अर्थ लावणारी पुस्तकंही नेली. एक रात्रंदिवस आतडी वाचतोय, दुसरा रात्रंदिवस संदेष्टे. मी लेकीला म्हटलं सुद्धा, "अगं, यांची अदलाबदल तर नाही ना होणार?"

झाली की! तुम्ही सगळे होतात. माझा मुलगा उभा राहिला आणि पुस्तक न उघडता वचनांमागून वचनं म्हणू लागला. त्याच्या वडिलांनी छडी घेऊन पाठ करून घेतली तेव्हा एक म्हटलं नव्हतं कार्ट्यानं! आणि आपले पाळक उठले ते सशाच्या पोटाचं रंगीत चित्र घेऊन. म्हणाले, ससा आपल्याच मऊ लेंड्या परत खातो, त्यातून राहिलेलं सत्त्व घेतो, म्हणजे अन्न दोनदा पचवतो, म्हणजे हे एका अर्थी रवंथच. त्याच वेळी मागे चहा-बिस्किटं फिरत होती. पहिल्या रांगेतल्या शिंपीणबाईंनी हातातलं बिस्किट हळूच बशीत परत ठेवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

अध्यक्ष हेच होते. साहेब, राग मानू नका. तुम्ही उभ्या हयातीत माणसांचे निकाल दिलेत, कोणाला आत पाठवलंत, कोणाला बाहेर. आणि सशापुढे आल्यावर म्हणालात, "दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत, निकाल राखून ठेवतो." अजून राखलाच आहे.

तिथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण आभार मानायला उठले ते बाहेरगावचे पाहुणे. त्यांना कोण कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या मुलाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पाळकसाहेब, वचनांवरची तुमची भक्ती पाहून धन्य झालो." मग जावयांकडे वळले, "आणि मास्तर, तुमच्यासारखे विज्ञाननिष्ठ शिक्षक आता दुर्मीळ." सभागृह डोक्यावर घेतलंत तुम्ही. मीही हसले. हसायला नको होतं असं मी म्हणणार नाही; हसण्यासारखंच होतं.

हे दोघे हसले नाहीत. बाहेर पायऱ्यांवर मुलगा म्हणाला, "दाजी, देवाचं वचन वाचवायला तुम्हाला सशाच्या लेंड्या लागल्या." जावई म्हणाले, "आणि मास्तर, तुम्हाला देव खोडून काढायला त्याचंच पुस्तक पाठ करावं लागलं." दोन्ही खरं होतं. खोटं असतं तर घरी येईपर्यंत विसरले असते.

त्याला आता वर्ष होत आलं. या पायऱ्यांवरून दोघे उतरले ते दोन दिशांना. लेक माहेरी येते, जावई कोपऱ्यावरच्या दुकानापाशी उभे राहतात. काय घेतात तिथं? काही नाही. फळीवरच्या बरण्या बघतात. आणि माझा मुलगा खिडकीच्या पडद्याआडून बरण्या बघणाऱ्याला बघतो. जेवताना फक्त चमच्यांचा आवाज येतो. आमटी गरम असते आणि कोणाला चव लागत नाही. लेकीनं परवा विचारलं, "आई, तू आहेस तोवर मी येईन. नंतर मला या घराचं दार कोण उघडणार?" मी तिला झापलं, म्हटलं, मी कुठं चाललेय? पण बाई, प्रश्न बरोबर होता. मी काही निकाल राखून ठेवता येईल अशी वस्तू नाही.

उद्या सकाळी यांची गाडी सुटते. नवं घर वरच्या मजल्यावर आहे, मालकाला जनावर चालत नाही. लेक म्हणाली, "आई, ससा तू ठेव." मी म्हटलं, या वयात मी कोणाच्या लेंड्या काढणार नाही, मग त्यात कितीही सत्त्व असो. ज्यांनी आणला त्यांनी बघावं. म्हणून पिंजरा मीच इथं आणवलाय.

आता कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय की पुष्पगुच्छ आजींच्या हस्ते. पण व्यासपीठाच्या या पायऱ्या मी आयुष्यभर झाडल्या आहेत. चढायला आता गुडघे नाही म्हणतात. माझ्या जागी माझा मुलगा जाईल. अरे, खांबाआडून ये. तो खांब तुला झाकण्याएवढा जाड नाही, तुझं पोट दिसतंय बाहेर. लोक थांबलेत. ये.

उठला. शिंपीणबाई, वाट द्या त्याला.

हा घे गुच्छ. जा वर. बोलू नकोस हवं तर, नुसता दे.

दिला. घेतला. आता दोघे गुच्छाकडेच बघतायत, जणू त्यालाच निरोप द्यायचाय. जावईबापू, तोंड उघडा, आज तुमचा समारंभ आहे.

काय म्हणाले? मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगते. म्हणाले, "मास्तर, ससा तुमच्याकडे ठेवून जातो. सकाळी लवकर बघत जा, तेव्हाच दिसतं."

आणि हा काय म्हणतोय? "ठेवा. पण दाजी, तो रवंथ करत नाही."

"अहो, पण त्या आतड्यांचा विचार केला तर…"

झालं. सुरू. कार्यवाह, घंटी वाजवू नका, खबरदार! अध्यक्षसाहेब, तुम्हालाही हात जोडते, आज तरी निकाल देऊन मोकळे होऊ नका. राहू दे तो लोंबकळत. निकाल लागला तर हा माणूस पुन्हा माझ्या घरी जेवायला कशाला येईल?

पाळकसाहेबांनी इतकी वर्षं मंडळीला सांभाळलं, मंडळीनं त्यांना, आणि सगळ्यांनी मला. त्याबद्दल तुमचे आभार. म्हातारीची जीभ घसरून कोणाच्या मानाला धक्का लागला असेल तर पोटात घाला. अध्यक्षसाहेब, एवढंच राहिलं, तुमच्या डाव्या बुटाची नाडी गेली. तेवढी मोठ्या मनानं सोडून द्या.