शेततळ्याच्या बांधावरची विमानं

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी हे सुरू झालं. पाण्याच्या मोटारीची लाइट चारला येणार होती, म्हणून मी सारखी घड्याळच बघत होते. कळसच्या रानात आमचे हे आणि चुलत सासरे तात्या शेततळ्याच्या बांधावर बसले होते. बारामतीचं शिकाऊ विमान वरून गेलं आणि दोघांची जुंपली.

"एखाद्या ल्हान देशानं राफेलसारखं लढाऊ इमान घिऊन करायचं काय?" तात्या म्हणाले. "नुसतं उडवायचा खर्च तरी परवडंल का? त्यापरीस तेजस बरं."

"तात्या, तेजसला इंजिन एकच हाय. राफेलचं एक बंद पडलं तरी माणूस जित्ता घरी येतो."

"आरं, इमान परवडलं तर माणूस बसंल ना त्यात!"

आमची तीन वर्षांची परी त्यांच्याजवळच बांधावर खेळत होती. मी मोटारीपासून ओरडले, "परीकडं ध्यान ठेवा!"

"हाय की," म्हणत हे तात्यांना मोबाइलवर किंमत दाखवत राहिले.

तेवढ्यात परी पाण्यात पडली. ह्यांनी उडी टाकून तिला धरलं, पण तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळानं इतका निसरडा की दोघं वर येऊन परत घसरायचे. धरायला काहीच नव्हतं. मी पळत जाऊन ठिबकची नळी फेकली, तात्यांनी आणि मी ओढलं. परी रडली तेव्हा जीव भांड्यात पडला.

तात्या परीला पुसत म्हणाले, "पोरी, चुकलं आमचं."

"ल्हान देशाचं ऱ्हाऊ द्या, तात्या. आधी दोर आणा."

आता तळ्यात चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेत. तुमच्या पाहुण्यांत कुणाचं शेततळं असेल, तर आजच त्यांना फोन करून एवढं सांगा.