चिमूटभर तांदूळ

—हालू नको म्हणलं ना! वेणी वाकडी झाली तं सारं गाव मलेच हसन. म्हणन, जिजाबाईनं डेन्मार्कची पोरगी वर्षभर घरात ठेवली अन् धड डोकं बी विंचरून नाई धाडलं. तिकडं गेली का खुशाल मोकळे सोडजो केस, पण आज साऱ्या पवनारची नजर तुह्यावर राहीन. शाळेपुढं मांडव घातला, पताका लावल्या, पाह्यलं ना? वासुदेवराव मास्तर भाषण देतीन — आपल्या गावचा मधू तिकडं शिकाले गेला, तिकडची इंगरबाई, म्हंजे तू, इकडं शिकाले आली, सारं जग एक घर झालं — टाळ्या पडतीन, मंग मास्तरीण प्रमिलाबाई तुही ओटी भरतीन. पदर नीट धरजो. तेल लई झालं का? होऊ दे. तिकडं कोण लावून देते तुले.

मी? मी नाई येत वं. भांडे पडले हायेत — नाई पडले? बरं, नाई तं नाई. आता तुले काय सांगू पोरी! माह्या कपाळाले कुंकू नाई, दिसते ना? अशा बाईनं ओटीच्या ताटाले हात लावू नाई. कोणाचा राग नाई, प्रमिलाबाई गुणाची हाय. माही यशोदा सासरी निंगाली तवा बी मी मागच्या खोलीतच होती — पोटची पोर, अन् ओटी शेजारणीनं भरली. गेली तं गेलीच वं ते, पह्यल्याच बाळंतपणात. सारं रीतीनं केलतं, तरी गेली. तिचंच पातळ हाय तुह्या अंगावर. कोरं हाय, नेसलीच कुठं ते. तू पह्यल्यांदा मले माय म्हणाली ना, त्या दिवशी मी उगंच चूल फुंकत बसली — धुरात डोळे पुसले तं कोणी विचारत नाई.

झालं, उठ. — हे काय? पदर पसरून काऊन उभी राह्यली? मले नाई चालत ते! तुले आगबोटीनं एवढं पाणी ओलांडाचं हाय, माह्या हातानं काई वाईट झालं तं? ऐक ना वं... बाप्पा, मोठी हट्टी पोरगी! — लाव, दार लाव ते. कडी घाल. नारळ नाई घरात, हे हळकुंड घे, हे सुपातले तांदूळ. सुखी राह्यजो माय माही. आता त्यातले चिमूटभर परत सुपात टाक. शोभाबाईच्या पोरीच्या पाठवणीच्या वेळेले सांगतलं होतं ना तुले — लेकीनं दाणे मागं ठेवले का लेक परत येते. टाक.

बस. — बस ना. अवं चिमूटभर म्हणलं — पोरी, सारेच काऊन टाकून राह्यली? रिकामी ओटी घेऊन निंगते का कोणी...

मोटर वाजून राह्यली. डोळे पुस, काजळ पसरलं. मले धरू नको अशी — सोड. मास्तर वाट पाहून राह्यले असतीन. जाय. जाय म्हणते ना! सूप राहू दे तिथंच, मी उचलते.