देवीनं नेलेली भूक

एकोणनव्वदच्या नवरात्रात जळगावच्या एका दवाखान्यात धुरपदाबाई आजारी नवऱ्यासाठी मोसंबं सोलत बसली होती. शेजारच्या बाकावर पहूरच्या दोघी जावा होत्या. धाकटीची, पुष्पाबाईची, लेक आत बेशुद्ध पडली होती.

“पुष्पा, डॉक्टर विचारून राहिले, पोरीले कोणती गोळी चालू होती?”

“जाडी उतरायची, अक्का. लग्न जमत नव्हतं तिचं. भूक मरते त्या गोळीनं.”

“जेवूनच घ्यायची होती ना ती? उपासात तरी बंद करायची!”

“उपासातच तर कामी आली. घट बसल्यापासून पोरगी नुसत्या पाण्यावर, तरी भूक लागली असं म्हणेच ना. लोक म्हणाले, देवीनंच भूक नेली. सारा गाव पाया पडायले येऊ लागला.”

“आन् तू पडू दिलं?”

“जाडी म्हणून तिले नाकारून गेलेले, तेही पाया पडले, अक्का. कोणत्या तोंडानं सांगू गोळीचं?”

धुरपदाबाईचा हात मोसंब्यावरच थांबला.

“पोरीनं तरी बोलायचं,” थोरली जाऊ म्हणाली.

“काल बोलली. आई, डोळ्यापुढे अंधार येतो, थोडी भगर दे म्हणे.”

“मग?”

“दारात बायका खणानारळाच्या ओट्या घेऊन उभ्या होत्या, अक्का. मी तिले अजून एक गोळी दिली.”